बबिता अजून वाचायलीय

१

दुपारी मेंढरं सावलीला बसली की आई फोन मागायची.

फोनमधलं दुसरं काही तिला कळत नव्हतं आणि बघायचंही नव्हतं. मी लाईव्ह लावून द्यायचो. ती फोन लिंबाच्या बुंध्याला टेकवून ठेवायची आणि समोर बसून वाकळ शिवायची. फोनमध्ये माझी धाकटी बहीण बबिता अभ्यास करत असायची.

एवढंच होतं ते. गाणं नाही, नाच नाही, बोलणं नाही. गावातल्या सार्वजनिक वाचनालयात जायचं, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवायचा, लाईव्ह सुरू करायचं आणि खाली मान घालून वाचायचं. बघणाऱ्या पोरीही आपापल्या गावात पुस्तक घेऊन बसलेल्या. माजलगावची एक प्रियदर्शनी, सिरसाळ्याच्या दोघीतिघी, आणखी कुठकुठल्या. आपण उठलो तर सगळ्यांना दिसतं, म्हणून उठावंसं वाटत नाही, असं बबिताचं म्हणणं होतं. सुरुवातीला मला ते पटलं नव्हतं. पोरीच्या जातीनं कशाला तोंड दाखवायचं, असं आबाही म्हणाले होते. पण बघायला पोरींशिवाय कुणी येत नव्हतं, आणि तिचा अभ्यास खरंच होत होता. पोलीस भरतीचं ग्राउंड तिनं काढलं होतं, लेखी बाकी होती. या खेपेला निघाली नाही तर लग्न, असं आबांनी सांगून टाकलं होतं. आबा, म्हणजे आमचे वडील सटवा, बोललेला शब्द फिरवणारा माणूस नव्हे.

आमची वस्ती नांदूरघाटच्या अलीकडं, माळावर. रेंज फक्त त्या लिंबापाशी. वाचनालयात मात्र फुकट वायफाय होतं. खाली पेपर वाचायला येणारी म्हातारी माणसं बसायची, जिना चढून वर गेलं की अभ्यासिका. हिरव्या गजांची खिडकी, एक लोखंडी कपाट, लांब टेबलं. मी दोनदाच वर गेलो होतो, पण आईमुळं ती खोली मला घरच्यासारखी पाठ झाली होती. टेबलावर ऊन कुठवर आलं की पोरगी डबा उघडते, हे आईला बरोबर माहीत असायचं.

"बगून बरं वाटतं," आई म्हणायची. "जवळ बसल्यावानी हाय."

२

पहिल्यांदा लक्षात आलं ते आईच्याच.

दिवस मावळायला आला होता. बबिता सायकल लावून आली, हातपाय धुतले आणि चुलीपुढं बसली. मी मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात, कोंडत होतो. आई फोन घेऊन लिंबाखालून आली आणि तिच्याकडं बघत उभी राहिली.

"बबे, तू तर अजून वाचायलीस."

फोनवर लाईव्ह चालू होतं. बबिता टेबलावर वाकून वाचत होती. मागं खिडकीत भर दुपारचं ऊन.

बबिता हसली. म्हणाली, नेट अडकलंय, मगाचंच दिसतंय. मलाही तेच वाटलं. माळावरच्या रेंजला कधी काय होईल सांगता येत नाही. एकदा पाहुण्यांच्या लग्नाचा व्हिडिओ तोंड उघड्या नवरदेवावर अख्खी संध्याकाळ अडकून पडला होता.

पण हे अडकलेलं नव्हतं. आम्ही बघत असतानाच फोनमधल्या बबितानं पान उलटलं.

बबितानं पिशवीतून स्वतःचा फोन काढला. तो बंद होता, चार्जिंग संपून. तिनं माझा फोन आईच्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. उघडं पान ती निरखून बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, हे प्रकरण मी अजून वाचलेलं न्हाई."

पुस्तक तेच होतं, तिच्या पिशवीतलं. मी काढून बघितलं. तिची खूण म्हणून ठेवलेला एसटीच्या तिकिटाचा तुकडा मधे होता. फोनमधली पोरगी त्याच्या बरीच पुढं गेली होती.

मी फोन बंद केला. आई म्हणाली, जेवायला बसा. बबितानं भाकरी अर्धी ठेवली.

३

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पप्पूच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. पप्पू माझ्या वर्गातला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला त्यात नवल वाटलं नाही. आजकाल एक फोटो दिला तरी चालता बोलता माणूस तयार होतो, कुणीतरी हिचे जुने लाईव्ह उचलून एआयवर घातलेत, असं त्याचं म्हणणं. पोरींच्या बाबतीत असलं लई चालतं, म्हणाला. त्यानं आमच्यासमोर तिचं अकाउंट काढून टाकलं.

मला इतकं हलकं वाटलं की मी तिघांना चहा सांगितला. चहा येईस्तोवर पप्पूनं खात्री करायला म्हणून बबिताचं नाव शोधलं. अकाउंट होतं. लाईव्ह होतं. ती वाचत होती.

"बनावट हाय, दुसरं काय," पप्पू म्हणाला. "तक्रार टाकू. काढतेत ते."

मी फोन हातात घेतला. मला बनावटपणाची काहीतरी खूण सापडायला हवी होती. बोटं जास्त असतात म्हणे, कान वेडेवाकडे असतात. मी तिचा पुस्तक धरलेला हात बघितला. बोटं बरोबर होती. उजव्या अंगठ्याला पांढरी चिंधी गुंडाळली होती.

"बनावट असूनबी किती बारकाईनं करत्यात," मी म्हणालो. "चिंधी बी गुंडाळलीय."

बबितानं उजवा हात ओढणीत घेतला होता. तो तिनं बाहेर काढला. सकाळी तव्याला भाजलं होतं, आई ओरडेल म्हणून तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आईच्या जुन्या पातळाची चिंधी तिनं स्वतःच बांधली होती.

पप्पूनं चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा तो काउंटरमागून बाहेरही आला नाही.

तिथून आम्ही वाचनालयात गेलो. ग्रंथपाल बजरंग पेपर लावत होता. वर कुणी आहे का विचारलं तर म्हणाला, आज सकाळपासून कुणी आलंच नाही, लाईट नाही म्हणून. आम्ही वर गेलो. खोली रिकामी होती. पंखे बंद. बबिताची खुर्ची टेबलाखाली सरकवलेली. मी फोनवर लाईव्ह लावून बघितलं. फोनमध्ये तीच खुर्ची बाहेर ओढलेली होती आणि वरचा पंखा फिरत होता. तिच्या पुस्तकाची पानं त्या वाऱ्यानं हलत होती.

बबिता दाराच्या आत आली नाही.

४

त्यानंतर ती घरीच राहिली. तिचा फोन बंद करून आईनं तो कपड्यांच्या पेटीत टाकला. आबांना आम्ही एवढंच सांगितलं की पोरीला बरं नाही.

बरं नव्हतंच. ताप नाही, खोकला नाही, पण तिचं लक्ष कुठं नसायचं. आपण बोललो की थोडं थांबून ती "काय?" म्हणायची, लांबून हाक ऐकल्यासारखं. एकदा मेंढराला पाणी दाखवताना म्हणाली, "दादा, मला हितं बसल्यासारखं वाटत न्हाई. तितं बसल्यासारखं वाटतंय. पाठ दुखायलीय, खुर्चीत दुखती तशी."

मी तिला समजावत होतो. अभ्यासाचा ताण आलाय, झोप कमी झालीय, आणि कुणीतरी हलकट माणूस कुठंतरी बसून हे करतोय. चिंधीचं काय, असं मी स्वतःला विचारत नव्हतो. विचारलं तरी उत्तर तयार होतं: भाजलेला अंगठा कुणाच्याही घरात असतो.

आई मात्र दुपारी फोन मागायची थांबली नाही. मी नको म्हटलं तर म्हणाली, लेकीवानीच हाय ना ती, बघू दे. एके दिवशी बबिता पलीकडं बाजेवर झोपलेली आणि आई लिंबाखाली तिलाच फोनवर बघत बसलेली. मला तिथं उभं राहवलं नाही.

लेखी जवळ आली तेव्हा बबितानंच ठरवलं. म्हणाली, असं किती दिवस बसू? भर दिवसा जाते, त्या खुर्चीवर बसते, आणि तू दारात उभं राहून फोनवर बघ. मी तिथं खरीच बसले तर तिला जागा कुठं राहील?

मला ते बरोबर वाटलं. आजही विचार केला तर त्यात चूक दिसत नाही.

सकाळी उन्हात आम्ही गेलो. खाली बजरंग होता, पेपर वाचणारी दोन माणसं होती. वर खोलीत ऊन आलं होतं. मी दारात उभा राहिलो. त्या खोलीला दुसरं दार नाही. बबिता टेबलाशी गेली, खुर्ची ओढली आणि बसली. माझ्याकडं बघून तिनं मान हलवली, लाव म्हणून.

मी फोनकडं बघितलं. लाईव्हवर बबिता बसलेली होती. एकच. तीच ओढणी, जी ती आज घालून आली होती. मला वाटलं, जमलं. तिनंही फोनमधून माझ्या दिशेला बघून मान हलवली.

मी वर बघितलं. टेबलाशी कुणी नव्हतं. खुर्ची मात्र ओढलेली होती.

५

मी ओरडल्यावर बजरंग पळत वर आला. त्यानं कपाट उघडलं, टेबलांखाली वाकून बघितलं, खिडकीचे गज हलवून बघितले. खालच्या माणसांनी सांगितलं की वर दोघं गेली, खाली कुणी उतरलं नाही. आबा आले, भाऊबंद आले. आसपासच्या विहिरी बघितल्या, कॅनॉल बघितला, उसाचे फड बघितले.

मग ठाण्यात गेलो. तिथला साहेब चांगला माणूस होता. त्यानं आबांना खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं विचारलं. मग फोन बघायला मागितला आणि बघतच राहिला. फोनमध्ये बबिता वाचत होती.

"हीच का मुलगी?" त्यानं विचारलं.

आबा हो म्हणाले.

"ही तर लाईव्ह आहे. आत्ता. वाचनालयात बसलीय म्हणता ना?"

आबा पुन्हा हो म्हणाले. साहेब आमच्याबरोबर वाचनालयात आला. रिकाम्या खोलीत उभं राहून त्यानं फोन आणि खिडकी ताडून बघितली. गज तेच, कपाट तेच, भिंतीवरचा पोपडा तोच. त्याच्या कपाळावर घाम आला होता. म्हणाला, अशी खोली दुसरीकडंही असू शकते. मुलगी सज्ञान आहे, सुखरूप दिसतेय, अभ्यास करतेय. नोंद करतो, पण बेपत्ता कसं म्हणू? त्याला दुसरं काय सुचणार? मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो.

आणि लोकांना ती दिसत होती. हीच आमची अडचण झाली. पाहुण्यांना सांगितलं की बबिता हरवली, तर ते फोन काढून दाखवायचे: ही काय. भावकीतले म्हणायला लागले की पोरगी लग्न टाळायला बीडला नाहीतर पुण्याला जाऊन बसलीय आणि हे लाजेपोटी सांगत नाहीत. बघणारे वाढत गेले. आधी ओळखीच्या चार पोरी होत्या, आता हजारांनी लोक. ताई, किती अभ्यास करता. ताई, तुमच्यामुळं मीही बसले. ताई, झोपता कधी?

झोपत ती नव्हतीच. डबाही उघडत नव्हती. आईनं तेवढंच एकदा विचारलं, "खाती कवा रं ही?"

एक दिवस माजलगावच्या प्रियदर्शनीचा फोन आला. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. कमी बोलणारी, भित्री वाटली. आधी तिनं बबिताची चौकशी केली. मग म्हणाली की काल तिनं अभ्यासिकेत पुस्तक मिटलं, घरी आली, आणि तिचा भाऊ तिला म्हणाला, तू अजून वाचतेयस.

मी तिला सांगितलं, काही झालं तरी तुझ्या त्या खुर्चीवर जाऊन बसू नकोस. अभ्यासिकेत पाय ठेवू नकोस. घरच्यांजवळ राहा. ती बराच वेळ रडली आणि बरं म्हणाली. नंतर मी पुष्कळदा फोन लावला. आधी बेल वाजायची. मग तो बंदच लागायला लागला.

६

मी रोज वाचनालयात जाऊ लागलो. आबा मेंढरं सांभाळायचे, मला काही म्हणायचे नाहीत. ते म्हातारे दिसायला लागले होते. बजरंगनं अभ्यासिका बंद करून टाकली होती, माझ्यासाठी तेवढं कुलूप काढायचा. स्वतः वर येत नव्हता. मी खुर्चीपाशी उभा राहायचो, खोलीत फिरायचो, तिचं नाव घ्यायचो. कसलीच खूण मिळत नव्हती.

मग एकदा मी फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि तिची खुर्ची ओढली. फरशीवर करकर वाजलं.

थोड्या वेळानं तोच आवाज फोनमधून आला.

बबितानं दचकून मान वर केली.

मी पुन्हा खुर्ची ओढली. पुन्हा थोडं थांबून फोनमध्ये करकर झाली, आणि ती उठून उभी राहिली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच उठली होती. तिला ऐकू जात होतं. मी टेबलावर वाकून जोरात हाक मारली, "बबे! बबे, मी हाय!"

मग मी फोनला कान लावला. हाक पोचली, पण ती माझी नव्हती. घसा चिरलेल्या जनावरानं श्वास ओढावा तसं काहीतरी फोनमधल्या खोलीत वाजलं. बबिता भिंतीला जाऊन चिकटली. तिचा चेहरा मी लहानपणापासून बघतोय. तिला एवढी भ्यालेली मी कधीच बघितली नव्हती.

ती फोनपाशी आली, हळू आवाजात बोलली.

"आवाज आला का तुमाला? हितं कुणीतरी हाय. रोज येतंय. माझ्याभवती फिरतंय, खुर्चीपाशी उभं ऱ्हातंय. आज लई जवळ आलंय." तिनं मागं वळून बघितलं, थेट माझ्याकडं, आणि तिला काही दिसलं नाही. "दादा, बगत असशील तर लवकर ये."

मी लिहिलं: मीच हाय. भिऊ नको. मीच हाय बबे. पण खाली हजारो लोक लिहीत होते, ताई काय झालं, ताई पळा. माझी ओळ तिला दिसायच्या आतच वर ढकलली गेली. मी परत लिहिलं, परत लिहिलं. ती डोळे बारीक करून एकेक ओळ वाचत होती, आणि मग एका ओळीवर तिचा चेहरा सैल झाला. ती ओळ मलाही दिसली. प्रियदर्शनीची होती.

"वर ये बबिता. आम्ही सगळ्या वरच आहोत."

बबितानं पुस्तकं पिशवीत भरली. फोन हातात घेतला, त्यामुळं खोली हलायला लागली. कपाट, खिडकी, आणि मग कपाटाच्या पलीकडची भिंत. तिथं जिना होता. अरुंद, वर जाणारा, वरून पिवळट उजेड पायऱ्यांवर सांडलेला. खालच्या पायरीशी पोरींच्या चपला ओळीनं काढून ठेवलेल्या होत्या, सगळ्यांची तोंडं जिन्याकडं. किती होत्या ते मोजावंसं वाटलं नाही. बबितानं आपल्या चपला काढल्या आणि ओळीत शेवटी लावल्या.

मी कपाट दोन्ही हातांनी ओढून बाजूला केलं. मागं चुन्याची भिंत होती. मी ती तळव्यांनी चाचपली. तिच्यावर थपडा मारल्या. माझ्यामागं टेबलावर, थोडं थांबून, फोनमधून थपडांचे आवाज आले आणि मग पायऱ्यांवर पळत वर जाणाऱ्या पावलांचे.

त्या अभ्यासिकेच्या वर काही नाही. मी स्लॅबवर चढून बघून आलो. पाण्याची टाकी आहे, वाळलेली पानं आहेत आणि आभाळ आहे.

घरी आलो तेव्हा उन्हं कलली होती. आई लिंबाखाली बसलेली, शेजारी बबिताचा पेटीतला फोन. तो तिनं कधी बाहेर काढला, चार्ज कुणी करून दिला, मी विचारलं नाही. लाईव्ह चालू होतं. पडद्यावर अंधार होता आणि लांबून, पुष्कळ जणी एकदम पानं उलटत असल्यासारखा सळसळ आवाज येत होता.

"वर गेली रं," आई म्हणाली. "मी बगितलं. वर काय हाय?"

मी तिच्याजवळ बसलो. तिच्या हातातली सुई थांबली होती.

"खोली हाय," मी म्हणालो. "मोठी. हवेशीर."

आईनं फोन उचलून पदरानं पुसला आणि परत बुंध्याला टेकवला.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "तितं तरी कुणी तरास देणार न्हाई तिला."